शाईतल्या चौकटी

आईने बशीतल्या कोमट पाण्यातून तिकीट चिमट्याने उचललं, टिपकागदावर पालथं घातलं आणि वरून हलकेच बोट फिरवलं. तिकीट तिकोनी होतं. असलं टपालाचं तिकीट तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं आणि म्हणूनच टेबलावरच्या पानाकडे बघायला तिची मान वर होईना. त्या पानाच्या मधोमध बाबांनी गेल्या शनिवारी काळ्या शाईत एक चौकट आखून ठेवली होती. बाजू तीनच, पण बाबा तिलाही चौकटच म्हणत. पाकीट आज आलं होतं.

"वाळलं की दे. घाई नाही," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"तिकोनी येणार ते."

"मला कुठलं कळायला? सगळे आयत बघून कंटाळा आला होता, म्हणून काढली एक वेगळी."

तिकीट वाळल्यावर त्यांनी ते मागून चिकटवलं. चारी बाजूंनी, म्हणजे तिन्ही बाजूंनी, केसाएवढी सारखी जागा सुटली. बाबा खूश झाले. आईने बशीतलं पाणी मोरीत ओतलं आणि हात दोनदा धुतले.

बाबांची सगळी नोकरी एका कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती. नकाशा पास झाल्याशिवाय कुणाची एक वीटही जमिनीवर बसायची नाही, ही तिथली रीत त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. दुकानातले तयार अल्बम त्यांना डोळ्यांसमोर नको असत. ते घरीच पानं करत. जाड कार्डशीट मापात कापायचं, डाव्या काठाला भोकं पाडायची, काटकोन्या लावून चौकटी आखायच्या आणि खाली बंदराचं नाव लिहिण्यापुरती जागा ठेवायची. इतर छंदिष्ट लोक तिकीट हाती आल्यावर त्याच्याभोवती चौकट काढतात. फारच हौस असली तर आधी पेन्सिलीने. बाबा मात्र आधीच काढत, तीही शाईत. आईचा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावणं तिच्या लेखी शुद्ध वेडेपणा होता आणि ते ती तोंडावर म्हणतही असे. पण नवऱ्याची एकही चौकट आजवर सैल पडली नव्हती की घट्ट झाली नव्हती, त्यामुळे तिचं बोलणं वाऱ्यावर जाई.

तिकिटं यायची लेकीकडून. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून तिच्या पायाला भिंगरीच होती. समुद्राचा तळ मोजणाऱ्या एका जहाजावर ती नोकरीला होती. तिथून फोन महिना-दोन महिन्यांनी लागे, तोही नुसता खरखरत. मात्र बाबांच्या हौसेखातर प्रत्येक बंदरातून ती एक पाकीट न चुकता टाकी. करार तीन वर्षांचा होता आणि आता पाचवं वर्ष सरत आलं होतं. दर वेळी काहीतरी आडवं येई. बदलीचा माणूस आजारी पडे, यंत्र बिघडे, मंजूर झालेली रजा रद्द होई. तिच्या खोलीतली चादर आई दर रविवारी बदलायची आणि न वापरलेली चादर धुवायला टाकायची.

तिकोनी तिकिटानंतरचं पान आखताना बाबांचं पेन एका ठिकाणी अडलं. उजव्या हाताला खालचा कोपरा उमटलाच नाही. खाडाखोड त्यांना खपत नसे, त्यांनी तो तसाच सोडला. दोन आठवड्यांनी त्या चौकटीचं तिकीट आलं. त्याचा उजव्या हाताचा खालचा कोपरा फाटून गेला होता. बाबांनी ते मुकाट्याने चिकटवलं.

मग एका सकाळी पत्र आलं. 'आई, रागावू नकोस. परतीचं ठरलं होतं, पण काम वाढलं. अजून नऊ बंदरं.' आईने पत्र दोनदा वाचलं, सवयीने तिकीट पाण्यात टाकलं आणि टिपकागद काढायला बाबांचं कपाट उघडलं. टिपकागदाखाली एक नवं पान होतं. तिने बोट ठेवून चौकटी मोजल्या. नऊ होत्या.

ती पान घेऊनच बाहेर आली.

"हे कधी काढलंत?"

"झाले तीन आठवडे."

"पत्र दहा दिवसांपूर्वी लिहिलंय तिने."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा न लावता हातात धरून ठेवला.

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "एवढं पाणी, आणि त्यात आपली एवढीशी पोर. रिकामी चौकट समोर असली की वाटतं, ती भरायला ती असणारच. चौकट आहे तोवर ती आहे."

"आणि चौकट आहे तोवर ती तिकडेच आहे!" आईचा आवाज चढला. "तुम्हीच येऊ देत नाही तिला. तुम्ही आणि तुमचं हे पेन."

बोलून झाल्यावर तिला आपलंच हसू यायला हवं होतं. आलं नाही. बाबांनाही आलं नाही.

"या नऊ भरू द्या," ती म्हणाली. "पुढे एक रेघ मारायची नाही. मला पाकिटं नकोत, माझी मुलगी हवी आहे."

बाबांनी पेनातली शाई काढली, निब धुऊन कोरडी केली आणि पेन तिच्या हातात ठेवलं. तिने ते मशीनच्या खणात टाकलं.

सात महिन्यांत नऊ पाकिटं आली. नऊही तिकिटं चपखल बसली. शेवटच्या पाकिटात चारच ओळी होत्या. 'काम संपलं. या वेळी पुढचं काही आखलेलंच नाही म्हणे! एका लहान मालवाहू जहाजावर जागा मिळाली आहे. मंगळवारी घरी.'

आईने घर डोक्यावर घेतलं. पडदे उतरवून धुतले, लेकीसाठी नवा झगा शिवला, तोही माप न घेता, आणि त्यावरून बाबांनी तिला मनसोक्त चिडवून घेतलं. मंगळवारी दोघं सकाळपासून फाटकाशी उभी होती. मंगळवार गेला. बुधवारी आईने त्या मालवाहू जहाजाच्या कचेरीत फोन लावला. पलीकडची बाई अदबीने बोलत होती. जहाज वेळेवर निघालं होतं. परवापासून त्याच्याशी संपर्क होत नव्हता. काही कळलं की कळवतो, म्हणाली.

गुरुवारी दुपारी आई बाहेरच्या खोलीत आली तेव्हा बाबा रिकाम्या टेबलाशी बसले होते. दोन्ही तळवे लाकडावर पालथे ठेवलेले. त्यांनी वर पाहिलं नाही. ते पेन मागत नव्हते, आणि का मागत नव्हते ते तिला कळलं. चौकटी संपल्या की पोर घरी येईल, एवढाच हिशोब तिने केला होता. संपण्याची दुसरीही एक तऱ्हा असते, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

ती आत गेली. मशीनचा खण ओढल्याचा आवाज झाला. पेन, शाईची बाटली आणि एक कोरं पान तिने बाबांपुढे आणून ठेवलं.

"काढा."

"मग ती यायची नाही."

"ठाऊक आहे."

"अगं, किती वर्षं जातील कुणास ठाऊक. आपण दोघं तरी—"

"ठाऊक आहे म्हटलं ना मला!"

बाबांनी शाई भरली. काटकोन्या तिने दोन्ही हातांनी दाबून धरला. निब टेकवता टेकवता ते थांबले.

"केवढ्या काढू?"

आईने पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नजर फिरवली.

"लहान काढा," ती म्हणाली. "जास्त मावतील."