एक्केचाळीस सेकंदांचं हसू

मी बोलतेय, पण मान खाली घालूनच. मी एक्केचाळीस सेकंदांची क्लिप. टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेतून कापून काढलेली.

मला कापलं एका भाचीनं. लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या स्टुडिओत ती काम करते, तेव्हा हात तयार. त्या कार्यक्रमात तिची मावशी होती, पोस्टाच्या खिडकीवर पार्सलांचं वजन करणारी. जगातलं सर्वांत मोठं फूल कोणतं, असं विचारल्यावर घाबरून तिच्या तोंडून गेलं, "फ्लॉवर." सगळे खो खो हसले. मी तिथेच संपते.

भाचीनं गंमत म्हणून मला व्हिडिओच्या संकेतस्थळावर टाकलं. चार दिवसांत नऊ लाख लोकांनी पाहिलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी फुगले होते.

मग खिडकीवर लोक विचारू लागले, फ्लॉवरचं पार्सल जातं का. मावशीनं आधी हसण्यावारी नेलं. नंतर तिनं मागच्या खोलीतलं शिक्के मारायचं काम मागून घेतलं. जेवायच्या सुट्टीतही ती बाहेर येईना.

हे भाचीला कळलं. तिनं मला काढलं, पण तोवर माझ्या प्रती जगभर पसरल्या होत्या. त्या काढायला सांगितल्यावर संकेतस्थळानं कळवलं, ज्याचा चित्रणावर हक्क त्यानंच तक्रार करावी. म्हणून दोघी त्या टीव्ही वाहिनीच्या कचेरीत गेल्या. तिथल्या वकिलानं शांतपणे ऐकून घेतलं.

"चेहरा तुमचा आहे, बाई," तो म्हणाला. "चित्रण आमचं."

तक्रार मात्र त्यानं त्याच दिवशी केली. एकूण एक प्रत संकेतस्थळावरून निघाली. मावशी दोन दिवस नीट जेवली. तिसऱ्या दिवशी वाहिनीनं मला स्वतःच्या पानावर चढवलं. आता माझ्याआधी साबणाची जाहिरात लागते.

त्या संध्याकाळी भाची स्वयंपाकघरात उभी होती, मी तिच्या हातातल्या फोनवर. ती माफी मागायला आली होती. मावशी ताटं पुसत होती.

"पुढचे तीन प्रश्न मी बरोबर सोडवले होते गं. ते का नाही घेतलेस?"

भाचीनं फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "त्यावर कुणी हसलं नव्हतं, मावशी."

मावशीनं पुसलेलं ताट पुन्हा पुसलं.

ते तीन प्रश्न कोणते, मला ठाऊक नाही. माझ्यात ते नाहीतच. रोज कुणीतरी मला सुरू करतं, मावशी चुकते, लोक हसतात. तुमच्या हाती आले, तर मला पुढे पाठवू नका. लाज वाटते हो.