काकडीवर वळलेला पापुद्रा

दिवाणखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. “रोग पितो हा, रोग!” बाबांचा सेवक गर्दीवरून ओरडत होता. “बाबांनी देह ठेवला, पण तळपायाचा हा पापुद्रा आपल्यासाठी मागे राहिला. हातावर वळला की समजा, दुखणं ओढून घेतलं. त्यानंतर औषध घेणं म्हणजे बाबांवर अविश्वास!”

माझ्या धाकट्या भावाच्या तळहातावर तो पिवळट, पारदर्शक तुकडा पडला आणि वळवळून गुंडाळला गेला. लोकांनी हात जोडले, वहिनीला रडू फुटलं. मागच्या दर्शनानंतर भावाने क्षयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. घामाने निथळत, खोकत तो हसत होता.

सेवकाच्या हातावर मात्र पापुद्रा सपाट. “मी निरोगी, माझ्याकडून काय पिणार?” असं म्हणत तो बोटांना पांढरी भुकटी चोळायचा. शाळेत मी विज्ञान शिकवते. माझी नजर त्या भुकटीवरून हलेना.

माझी पाळी आली. तुकडा हातावर पडताच मी तो वहिनीच्या डब्यातल्या सोललेल्या काकडीवर ठेवला. तो झटकन वळला.

“काकडीलाही क्षय झालाय का हो?”

कोणीतरी फिसकन हसलं. “विटंबना!” सेवक किंचाळला.

“हा तर भेटवस्तूला गुंडाळतात तसला पारदर्शक सेलोफेन कागद,” मी म्हणाले. “ओल लागलेली बाजू फुगते, म्हणून वळतो. तुमचा हात भुकटीने कोरडा. तापाने घामेजलेल्या हातावर तो वळणारच. म्हणजे औषधाची ज्याला जास्त गरज, त्यालाच तुम्ही औषध सोडायला लावता!”

मी भावाचा हात पुसला, सेवकाचीच भुकटी त्यावर चोळली आणि पापुद्रा ठेवला. तो हलला नाही. भावाचा चेहरा पांढराफटक पडला.

“म्हणजे मी आता वाचत नाही, ताई?”

माझा सगळा राग तिथेच ओसरला. युक्ती उघडी पडली होती, भीती जागची हलली नव्हती.

“अरे, इथे पहिल्यांदा यायच्या आधीच तुला भूक लागायला लागली होती. ती कशाने?”

“गोळ्यांनी,” वहिनी पुटपुटली. पाकीट तिने फेकलं नव्हतं, पर्समध्येच होतं.

रांगेतले निम्मे लोक तसेच उभे होते. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे : चमत्कार कोरड्या हातावर करून दाखवायला सांगा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.

वहिनीने भावाच्या हातावर गोळ्या ठेवल्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

“या तर काहीच करत नाहीत.”

“हातावर नाही रे, पोटात,” मी म्हणाले आणि पाण्याची बाटली उघडली.