दादांचा दुपारचा माचा

"रोज एक वाडगा माचा पिणाऱ्या माणसाला मरणाची भीती बाळगायचं काही कारण नाही," असं दादांनी बागेतल्या बाकावर उभं राहून जाहीर केलं, आणि त्याच आठवड्यात ते वारले.

हे फार वाईट झालं. माणूस गेल्याचं दुःख होतंच, पण बागेतल्या मंडळींपैकी निम्म्यांनी नुकतेच त्या जपानी चहाच्या हिरव्या पावडरीचे डबे घरी नेले होते. ती सगळी शेवटचा निरोप द्यायला आली आणि तोंडं पाडून उभी राहिली. कुणासाठी पाडली होती ते सांगणं कठीण होतं. एकानं धीर करून दादांच्या धाकट्या भावाला बाजूला घेतलं.

"कशानं गेले हो?"

"झोपेत. हृदय थांबलं."

"अरेरे. पण हृदयाला चांगला म्हणूनच ना तो…"

"पीत नसते तर दहा वर्षं आधीच गेले असते," धाकटा भाऊ म्हणाला. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तोही हिरवटच होता.

हा धाकटा भाऊ कवळ्या करायचा. गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत, लग्न केलं नसल्यामुळे दुसरं काही म्हणायची वेळच कुणावर आली नव्हती. खाली त्यांची कामाची खोली, वर दादा आणि वहिनी. जिना कामाच्या खोलीतूनच वर जायचा, त्यामुळे घरात कोण आलं आणि कोण गेलं हे कवळीवाल्यांना मान वर न करता कळायचं. जेवण वर, झोप खाली, अशी त्यांची वर्षानुवर्षं वाटणी होती. दादांच्या तोंडातली कवळीही त्यांनीच केलेली. "इतके सरळ दात खोटे दिसतात," असं दादांनी बजावल्यामुळे डावीकडचा सुळा त्यांनी मुद्दाम किंचित तिरका बसवला होता. नेमकी तीच कवळी निघताना दादांच्या तोंडात घालायची राहून गेली. घाईगर्दीत ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, पेल्यातल्या पाण्यात तशीच राहिली, आणि दादा गाल आत ओढलेले घेऊन गेले. कवळीवाल्यांच्या मनाला हे फार लागलं. आयुष्यभर लोकांना दात दिले आणि सख्ख्या भावाला बोळकं घेऊन पाठवलं.

दादा नोकरीत असताना दुकानदारांची वजनंमापं तपासायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा माचा सापडला. चमचाभर पावडर घ्यायची, वरून सुरीची धार फिरवून सपाट करायची, बारीक गाळणीतून वाडग्यात चाळायची, पाणी उकळून वाफ निवल्यावर ओतायचं आणि बांबूच्या काड्यांच्या छोट्या रवीनं मनगट सैल सोडून फेस येईपर्यंत घुसळायचं. हे करताना ते बोलायचे. मन शांत होतं पण पेंगत नाही. पेशी म्हाताऱ्या होत नाहीत. चरबी वितळते. कडू लागला तरी साखर घालायची नाही, सगळा गुण जातो. पण जेवणावर लगेच प्यायचा नाही, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणि संध्याकाळी तर मुळीच नाही, झोप उडते. वहिनी कणीक मळत हे सगळं ऐकायच्या. ऐकायच्या म्हणजे, तिथं असायच्या.

तर दादा गेले, माणसं आली आणि पांगली, घर सुनं झालं. आणि एके दिवशी दुपारी, जेवण जिरायच्या बेताला, कवळीवाले खाली मेण वितळवत बसले असताना वरून आवाज आला. खुसखुस, खुसखुस, खुसखुस. मग थांबला. मग वाडगा टेबलावर ठेवल्याचा आवाज.

वहिनींनी आता माचा सुरू केला वाटतं, असं त्यांना वाटलं. बरं वाटलं. जेवताना त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

वहिनींचा हात ताटावरच थांबला. "मी? मला वाटलं तुम्हीच येऊन पिता. मी आतल्या खोलीत पडलेली असते."

दोघांनी खिडकीकडे पाहिलं. पेल्यातलं पाणी फिकट हिरवं झालं होतं आणि कवळीच्या दातांच्या फटींत हिरवी रेघ बसली होती.

भुतं अपरात्री येतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. दादा दुपारी यायचे. संध्याकाळी प्यायलं तर झोप उडते हा नियम त्यांनी मेल्यावरही मोडला नाही. डब्यातली पावडर रोज चमचाभर कमी व्हायची, तीही सपाट चमचा. डबा संपत आला तेव्हा वहिनींनी काही न बोलता नवा आणून ठेवला.

कवळीवाल्यांना पहिले काही दिवस वहिनींचा संशय होता. बाई एकटी पडली आहे, झोपेत उठून करत असेल, तिला स्वतःलाही कळत नसेल. म्हणून त्यांनी आपल्या धंद्यातली युक्ती काढली. पुतणी, म्हणजे दादांची एकुलती मुलगी, वहिनींना डोळे तपासायला घेऊन जाणार होती. त्या दोघी निघाल्यावर कवळीवाले वर गेले, कवळी पुसली, दातांच्या चावायच्या बाजूवर गुलाबी मेणाचा पापुद्रा चढवला आणि ती परत पेल्यात ठेवली. नुसती कुणी माचात बुडवली तर मेण जसंच्या तसं राहील. तोंडात घालून दात दाबले, तरच उमटेल. मग ते खाली येऊन जिन्याकडे तोंड करून बसले.

जिन्यावरून कुणी गेलं नाही. वर रवी घुसळायला लागली.

आवाज थांबल्यावर वर जायला त्यांना बराच वेळ लागला. गुडघे दुखतात अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. स्वयंपाकघरात ऊन पडलेलं, खुर्ची जरा मागे सरकलेली, वाडग्याच्या तळाशी फेस अजून बसतो आहे. त्यांनी पेल्यातून कवळी उचलली. पाणी गार होतं आणि कवळी कोमट होती. मेण डावीकडे पार दातापर्यंत दाबलं गेलं होतं, उजवीकडे जेमतेम. दादा विचार करताना डावीकडून दात आवळायचे. ती खोड मोडण्यासाठी कवळीवाल्यांनी कवळीची ती बाजू दोनदा घासून दिली होती.

त्यांनी कवळी खाली ठेवली आणि सवयीनं हात धुतले. मग आपण कुणाची थुंकी धुतली हे लक्षात येऊन मटकन खुर्चीत बसले. खुर्चीही गरम होती. ते लगेच उठले.

वहिनींना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. वहिनींची खात्री आधीच झालेली होती, आणि खरी भीती त्याचीच होती. त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं. दुपार झाली की आतल्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडायच्या आणि कानोसा घ्यायच्या. आवाज थांबला की उठून वाडगा धुवायच्या. पुतणीनं फोनवर सांगितलं, तुझी नात चालायला लागली, ये की बघायला. "दुपारी कशी येऊ?" एवढंच वहिनी म्हणाल्या. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं, पावलांचा आवाजसुद्धा कमी झाला. घरात भूत एक होतं. हळूहळू दोन व्हायला लागली होती.

आणि कवळीवाल्यांना हे सगळं दिसत असूनही, वहिनी गेल्या तर वरच्या मजल्यावर आपल्याला ताट वाढणारं, मीठ कमी झालं का विचारणारं कुणी उरणार नाही, हा विचार आडवा यायचा. ते गप्प राहायचे.

शेवटी रविवारी पुतणी रिकामी बॅग घेऊनच आली. ती हॉस्पिटलात लोकांना मोडलेल्या पायांवर उभं करायची. आईला उभं करणं तिला जड नव्हतं.

"आई, चल."

"त्यांना सोडून कशी येऊ? रोज येतात ते."

पुतणीनं पेल्यातली कवळी उचलून उजेडात धरली आणि काकांकडे वळली. "काका, खोटे दात खरे दिसावेत म्हणून डाग कोण लावतं हो? तुमचा धंदाच ना तो?"

"अगं…"

"आई गेली तर तुम्हाला जेवायला कोण घालणार? त्यापेक्षा बाबांना रोज चहाला बोलावणं स्वस्त पडतं."

हे फार कडवट होतं, आणि अर्धं खरं होतं. कवळीवाल्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या टेबलाशी बसल्या होत्या. उन्हातसुद्धा त्यांची सावली पातळ वाटत होती. मेणातला तो खोल ठसा कवळीवाल्यांच्या डोळ्यांसमोर आला. खरं सांगितलं तर ही बाई इथंच या खुर्चीवर संपणार.

"हो," ते म्हणाले. "मीच करत होतो."

"बघ! मी म्हणत नव्हते?"

वहिनींनी उठून डबा, गाळणी, वाडगा आणि रवी कवळीवाल्यांसमोर मांडली. "करा बघू एकदा भावजी."

कवळीवाल्यांनी चमचा भरून, शीग लावून पावडर घेतली. गाळणी कशासाठी आहे हे न सुचल्यामुळे ती बाजूला सारली. पाणी उकळतंच ओतलं. मग प्लास्टर कालवायचा आयुष्यभराचा हात असल्यामुळे रवी धरून असं गरागरा ढवळलं की टेबलावर, शर्टावर आणि पुतणीच्या बॅगेवर हिरवे शिंतोडे उडाले. वाडग्यात गुठळ्या तरंगायला लागल्या. फेस एका बुडबुड्याइतका आला आणि तोही सगळ्यांच्या देखत फुटला.

पुतणीनं हातातली कवळी हळूच पेल्यात सोडली आणि बोटं ओढणीला पुसली. पुसत राहिली.

"मग कोण करत होतं?" तिनं विचारलं. तिचा आवाज लहान झाला होता.

"खोटं बोलता येत नाही भावजी तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "पण बोललात, ते बरं केलंत." त्या खाली बसल्या. "मी इतके दिवस डोळे उघडे ठेवून पडते. दाराकडे तोंड करून. ते येतात, घुसळतात, पितात, वाडगा तसाच टाकून जातात. एकदा, एकदा तरी आतल्या खोलीत डोकवावं? बरी आहेस का विचारावं? मला वाटलं होतं, मेल्यावर तरी माणूस सुधारेल."

"आई…"

"मी वाट बघायची आणि त्यांनी हिरवं पाणी प्यायचं. हे मी जिवंतपणी केलंय सगळं. पुन्हा कशाला?" त्यांनी पदर खोचला. "आण ती बॅग. आणि ती आधी पूस."

निघताना वहिनी जिन्यात थांबल्या. कवळीवाल्यांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण हात माचानं बरबटलेले होते.

"जेवत जा वेळेवर," त्या म्हणाल्या. "आणि कवळी तुमची. तुम्ही सांभाळा."

दुसऱ्या दिवशी कवळीवाल्यांनी काम उघडलंच नाही. जेवणानंतर ते वर स्वयंपाकघरात जाऊन बसले, दाराकडे पाठ करून, कारण दाराकडे तोंड करून बसायचा धीर नव्हता. घर इतकं शांत होतं की आपल्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. दादा वहिनींच्याच मागे गेले असतील, असं त्यांना वाटलं, आणि भीती जाऊन उलट फार वाईट वाटलं. म्हणजे आता खरोखरच कुणी नाही.

मागे डब्याचं झाकण निघालं.

पावडर चाळल्याचा बारीक आवाज. पाणी पडल्याचा. मग खुसखुस, खुसखुस. पेल्यातलं पाणी हललं, त्यातून काहीतरी उचललं गेलं, आणि टेबलापलीकडची खुर्ची आपोआप मागे सरकली. कवळीवाल्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. कच्च्या गवताचा वास तोंडासमोर आला. समोर कुणीतरी एक घोट घेतला आणि डावीकडून दात आवळले. त्याचा बारीक, ओळखीचा कडकड आवाज झाला.

"दादा," ते कसेबसे म्हणाले, "काही सांगायचं राहिलंय का? काही हवंय का तुम्हाला?"

खिडकीतलं ऊन त्यांच्या हातावरून सरकून गेलं. मग अगदी जवळून, पलीकडच्या अंधारातून यावा तसा, गार आवाज आला.

"ती गेली?"

"गेल्या."

"नक्की?"

"नक्की. लेकीकडे."

वाडगा टेबलावरून हळूहळू घासत त्यांच्याकडे आला आणि त्यांच्या बोटांना टेकला.

"मग यात जरा साखर घाल रे."