मावळतीच्या कपाटातला शिक्का

या, असे पुढं सरका. खांबाला टेकलेल्यांनीही जरा जवळ यावं, टाळ घटकाभर मांडीवर ठेवावेत. पांडुरंगानं चार वर्षांच्या पोरीच्या मुखातनं कसं वदवून घेतलं, ती गोष्ट आज ऐकवायची आहे.

साल सत्त्याण्णव. मलकापूरकडच्या वस्तीवर तानूबाई राहायची. तिचा भाचा कृष्णात कोल्हापुरात दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. त्याचं आणि बायकोचं, शालूचं, शहरात बस्तान बसेपर्यंत त्यांची अनुजा तानूबाईजवळच वाढली. तानूबाईच्या तोंडी डावं-उजवं कधी आलंच नाही. तिचा सगळा कारभार सूर्यावर. "उगवतीकडची घागर आण." "मावळतीच्या अंगाला सरक, मुंगळा हाय." कीर्तनालासुद्धा बाया उगवतीला आणि बाप्ये मावळतीला. पोर तेच शिकली.

आता बालवाडीचा प्रवेश होता. कोल्हापुरातली शाळा नावाजलेली, जागा एकच उरलेली, आणि पोरीची मुलाखत. पोर तानूबाईशिवाय हलेना, म्हणून तिलाही नेलं. दारातच शालूनं बजावलं, "आत्ती, आत तोंड उघडू नका. हितं न्हाय जमलं तर वरीस वाया जाईल पोरीचं."

तानूबाईनं पदर तोंडावर धरला आणि मनातल्या मनात विठ्ठल म्हणायला लागली.

मोठ्या बाईंच्या खोलीला खिडकी नव्हती. वर ट्यूबलाइट, दाराच्या दोन्ही अंगांना एकसारखी दोन कपाटं. बाई दाराकडं तोंड करून खुर्चीत फॉर्म वाचत होत्या, आणि शिपाई ज्ञानू दारापाशी त्यांच्याकडं पाठ करून एका कपाटात काहीतरी ठेवत होता. वळून बाईंना म्हणाला, "बाई, शिक्का डावीकडच्या कपाटात ठेवलाय," आणि पोस्टात निघून गेला.

बाईंनी विचारलं, "बाळ, उजवा हात कुठला?"

अनुजानं विचार केला. "जेवायचा."

"शाब्बास. आणि डावा?"

अनुजा लाजली. तानूबाईकडं बघून हळूच म्हणाली, "त्यो सांगायचा नस्तोय."

शालूनं डोळे मिटून घेतले.

मग बाईंनी टेबलावर गाय, घोडा, कोंबडी अशी प्लास्टिकची खेळणी ओळीनं मांडली. "नीट बघून ठेव." मग पोरीला मागं वळवून दुसऱ्या टेबलापाशी नेलं. "आता तश्शीच लाव."

अनुजानं झरझर लावली. बाईंनी मान हलवली. "उलटी लावलीस गं. तिकडं गाईचं तोंड उजवीकडं होतं, इथं डावीकडं झालं."

तानूबाईचा पदर तोंडावरनं कधी सरकला, तिचं तिलाच कळलं नाही. "उलटी कुठं, बाई? पोरी, गाईचं तोंड कुनीकडं व्हतं?"

"उगवतीला."

"आन् आता?"

"उगवतीलाच की."

"आजीबाई," बाई हसून म्हणाल्या, "आम्ही डावं-उजवं तपासतो. उगवत-मावळत फॉर्मवर नाही." आणि फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं फुली मारली.

शालूनं तानूबाईकडं असं बघितलं, की चुलीत पेटलेलं लाकूडही विझावं. आपल्याच बोलण्यानं पोरीचं वाटोळं केलं, हे तानूबाईच्या काळजात रुतलं.

तेवढ्यात बाहेरच्या पालकांना दाखल्यावर शिक्का हवा झाला. बाई उठल्या, आपल्या डावीकडच्या कपाटाचे तिन्ही कप्पे उपसले. पट्ट्या निघाल्या, खडू निघाले, गेल्या गॅदरिंगची मिशी निघाली. शिक्का नाही.

"ज्ञानूनं डावीकडं म्हणून सांगितलं होतं," बाई घामेघूम होऊन म्हणाल्या.

"मावळतीच्या कपाटात हाय," अनुजा म्हणाली. "खालच्या फळीवर. निळ्या डब्यामागं."

"मावळतीचं कुठलं?"

पोरीनं समोरच्या दुसऱ्या कपाटाकडं बोट केलं. खिडकी नसलेल्या त्या खोलीत तानूबाईलासुद्धा दिशा लागत नव्हती. पण पोर यष्टीतनं उतरल्यापासनं प्रत्येक वळणाचा सूर्य मनात सांभाळून होती.

खालची फळी, निळा डबा, त्यामागं शिक्का.

बाई शिक्का हातात घेऊन मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे ज्ञानू माझ्याकडं पाठ करून उभा होता आणि मी..." त्यांनी हात आडवे-उभे करून बघितले. "नाही, मी खुर्चीत, तो दाराकडं. वळून बोलला. मग त्याचं डावं ते माझं उजवं?"

"म्हंजे डावं मानसागनिक फिरतंया," तानूबाई भीतभीत म्हणाली. "उगवत कशी, तुमची आन् ज्ञानूची एकच की."

बाईंनी खोडरबर शोधलं. तेही डावीकडच्या कप्प्यात नव्हतं. शेवटी बोटानंच फुली पुसली आणि प्रवेशाचा शिक्का अनुजाच्या फॉर्मवर उठवला.

बाहेर आल्यावर शालूनं तानूबाईच्या हातातली पिशवी आपल्याकडं घेतली. मग म्हणाली, "आत्ती, च्या घेऊया का?"

शाळेनं आपलं काम केलं. दिवाळीला अनुजा वस्तीवर आली ती डावं-उजवं शिकून. कीर्तनात समोर बसलेल्या तानूबाईला म्हणाली, "आज्जी, डावीकडं सरक."

"कुनाच्या?"

अनुजानं आधी आपले दोन्ही हात बघितले, मग आजीचे. तानूबाई मात्र हसत होती, आणि सरकली ती उगवतीकडं.

आता तानूबाई नाही. उद्या अंगणात उभे राहाल, तेव्हा एकदा उगवतीला तोंड करा आणि तिची आठवण काढा. एवढंच मागणं आहे.