दोन की चार

उस्ताद गाडीखाली पाठीवर सरकले, गिअरबॉक्सच्या पोटाला पट्टी लावली आणि जमिनीपासूनच्या उंचीचा आकडा तिथूनच सांगितला. तिने तो हाताच्या तळव्यावर लिहून घेतला. कातळाने परवा तिथलाच पत्रा खरवडला होता.

मोठा रस्ता दरडीखाली गेल्यापासून शहरात जायला खाणीची वाट तेवढी उरली होती, आणि तिच्या दादाचं रक्त तर आठवड्यातून तीनदा शहरातल्या यंत्रावर धुवावं लागे. परवा वाटेतल्या कातळाच्या उंबऱ्यावर गाडी पोट टेकून बसली. चारही चाकांना ताकद असूनही ती जागेवर गरगरत राहिली. खाणीतल्या माणसांनी पहारी घालून सोडवेपर्यंत दोन तास गेले. डायलिसिस केंद्रावर चार तासांऐवजी दीड तास मिळाला. तेव्हापासून दादा आडवा झाला नव्हता. आडवं झालं की श्वास कोंडायचा. पुढची पाळी उद्या सकाळी अकराची होती.

उस्ताद बाहेर आले. हात पुसत त्यांनी दोन्ही पर्याय समजावून सांगितले. दोन इंच उचलायची तर पुढच्या स्प्रिंगवर जाड चकत्या आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे बसवायचे. संध्याकाळपर्यंत गाडी मिळेल. चार इंच म्हणजे पाटे, शॉकअब्सॉर्बर, ब्रेकच्या नळ्या सगळंच नवं, शाफ्टही लांब करून आणावा लागेल. तीन दिवस तरी धरा, म्हणाले. आणि गाडी जुनी झालेली. इतकी उंच झाल्यावर उतारावर कलली तर सावरणार नाही.

"दोन इंचात उंबरा पार होईल?" तिने विचारलं.

मागच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसून उस्ताद थकलेल्या पाट्यांकडे बघत राहिले.

"रिकामी असली तर बोटभर जागा राहील, ताई. डाव्या बाजूला माणूस बसला की नाही राहणार."

डाव्या बाजूला दादा बसला होता. दार उघडं, सुजलेले पाय बाहेर सोडलेले. खाली बघतच तो म्हणाला, "दोनच टाका. तेवढ्या वाटेला मी उतरून चालेन."

ती गाडीमागे गेली आणि मागच्या फळीला धरून उभी राहिली. घराच्या पायऱ्या चढताना त्याला मध्ये दोनदा थांबावं लागत होतं. पण तीन दिवस थांबणं म्हणजे काय, हे तिला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. खाणीतली माणसं उचलून नेतील का, हेही तिने सकाळीच विचारून पाहिलं होतं. खाण कालपासून बंद होती. रुग्णवाहिकेवाल्यांनी तर दरडीचं नाव ऐकताच फोन ठेवला होता. हातपाय मारायला आता दुसरी जागा नव्हती. ती परत पुढे आली आणि उस्तादांना म्हणाली, "दोन."

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्याच्या अलीकडे गाडी थांबली तसा तो आपणहून उतरला आणि हातानेच तिला पुढे जायची खूण केली. तिने पहिला गिअर टाकला. कातळ पोटाखालून किंचित घासत गेला, गाडी एकदा डगमगली आणि पलीकडे उतरली. सपाट जागी थांबून तिने आरशात पाहिलं. तो निघालाच नव्हता. उतरला होता तिथेच एका दगडावर बसून राहिला होता.

ती धावत मागे गेली.

"तुला चालवत नाही का, दादा?"

"तू पार झालीस ना?" त्याने विचारलं. दर दोन शब्दांनी तो थांबत होता. "मग झालं. जा आता. दोन वर्षं झाली माझ्यापायी तुझी नोकरी सुटून. कामावर ते अजून घेतील तुला, चिमणे."

तिला क्षणभर काही कळलं नाही. मग गॅरेजमध्ये त्याने इतक्या चटकन 'दोन' का म्हटलं ते कळलं; चालायचं त्याच्या मनात नव्हतंच, इथेच मागे राहून तिला मोकळं करायचं होतं. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. रडली नाही. त्याच्या सुटलेल्या चपलेचा पट्टा तिने नीट लावला, मग दुसऱ्या पायाचाही.

"आता साडेआठ झालेत," ती म्हणाली. "इथून दोन तासांची वाट. दहा पावलं चालायचं आणि बसायचं. परत दहा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मीही इथेच बसणार."

तो चिडल्यासारखा म्हणाला, "लहानपणापासून हट्टी आहेस तू." आणि हात पुढे केला.

तिने त्याला उठवलं. सहाव्याच पावलाला तो थांबला. ती शेजारी उभी राहिली, त्याचा श्वास परत येईपर्यंत.