लवंगेचा वास

उलुआओकाकांच्या दाताच्या मुळावरचा कापसाचा बोळा लेउतूनं काढला आणि तिला लवंगेचा वास आला. चिमटा हवेतच राहिला.

धक्क्याजवळच्या त्या दवाखान्यात तेव्हा ती एकटीच दातांची डॉक्टर. काका तिच्या वडिलांचे थोरले भाऊ आणि गावाचे वक्ते. परवा नव्या प्रमुखाला पदवी द्यायची होती, आणि हातात काठी, खांद्यावर काथ्याची चवरी घेऊन गावाच्या वतीनं काकांनीच बोलायचं होतं. पुढचा दात नसला की त्यांच्या 'स'बरोबर शिट्टी निघे.

"पलीकडच्या गावाचा वक्ता तोलोवा म्हणतो, यंदा भाषणाला पाखरंही जमतील," काका म्हणाले.

मूळ तेवढं उरलं होतं. त्यात फायबर पोस्ट, म्हणजे काचतंतूंची बारीक काडी चिकटवायची आणि तिच्यावर दात बांधायचा. दोनदा ती काडी दातासकट निसटून आली होती. दुसऱ्या वेळी लेउतूनं मूळ आतून आणखी घासलं, धुतलं, सुकवलं, गोंदही नवा मागवला. तरी तेच. आताशा तिला आपल्याच हातांची शंका येई.

"काकी, यात काही घातलंत?"

खुर्चीमागे तालिताकाकी विणलेल्या पंख्यानं वारा घालत होती. "लवंगेचं तेल. थेंबभर. पहिल्यापासून घालतेय. तुझी आजीही आजोबांना घालायची. वक्त्याच्या तोंडाला वास येऊन कसं चालेल?"

"त्या तेलानं गोंद घट्ट होत नाही, काकी."

पंखा थांबला. "मग आधी सांगायचंस ना गं."

काकांनी चूळ भरली. "तिला बोलू नकोस. जन्मभर माझ्या तोंडाची काळजी घेतलीय तिनं. फक्त ते उघडू दिलं नाही."

काकी हसली नाही.

तेल दाताच्या मुळात मुरलं होतं. घासून काढावं तर मुळाची भिंत कागदाएवढी पातळ उरलेली. ते उतरायला काही दिवस लागतात, आणि तेवढे दिवस नव्हते. लेउतूनं स्पिरिटनं पुन्हा पुन्हा धुतलं, काडी बसवली, गोंद घट्ट करणारा निळा दिवा धरला.

"भरवसा नाही, काका. याहून जास्त माझ्या हातात नाही."

"परवापुरतं टिकलं तरी पुष्कळ."

पदवीच्या दिवशी ती काकीशेजारी चटईवर बसली. काका उभे राहिले. वंशावळी, डोंगर, जुन्या लढाया. लहानपणी याच आवाजावर तिला झोप लागायची. मध्येच त्यांची जीभ वरच्या ओठाआड गेली आणि तिथेच दात धरून राहिली. काका सावकाश बोलू लागले, शब्द निवडून. पण नव्या प्रमुखाचं नाव सिलिआ. ते टाळता येणार नव्हतं.

काकांनी हलकेच तोंडावर हात नेला, मूठ मिटली आणि नाव घेतलं. शिट्टी अंगणभर गेली. तोलोवानं मान खाली घातली. कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं, असं लेउतूला वाटलं.

शेजारी काकीची बोटं पिशवीत तेलाची बाटली चाचपत होती. "घरी गेल्यावर दुखेल गं त्यांना," ती पुटपुटली.

लेउतूनं तिला अडवलं नाही.