पत्र्यावरचे चार टाके

ज्या वैशाखात धनाजीरावांच्या नातीचं, प्राचीचं लग्न झालं, त्याच वर्षीच्या दसऱ्याची ही गोष्ट.

ते लग्न बडोद्यात अजून लोकांच्या लक्षात आहे ते गाडीमुळे. धनाजीरावांकडे एक जुनी विलायती गाडी होती. हिरवी, बिनटपाची, जेमतेम दोन माणसं बसतील अशी. त्यांचे वडील गायकवाडी फौजेत होते. संस्थान गेलं, फौज मोडली, साहेब लोक आपापल्या देशी निघाले, तेव्हा त्यांच्यातल्याच एकाकडून वडिलांनी ही गाडी घेतली. नातीची पाठवणी याच गाडीतून करायची, असा धनाजीरावांचा हट्ट. गाडी सजवली, पण अलकापुरीतल्या हॉलच्या फाटकाशी त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला टेकलं. गाडी केळीच्या खांबांना जाऊन भिडली. कोणाला लागलं नाही. नवरदेवाच्या मित्रांनी ती ढकलत बाजूला नेली, आणि व्याही सगळ्यांदेखत म्हणाले, "रावसाहेब, ही गाडी आहे की पालखी? हिला तर भोई लागतात!"

मांडव हसला. धनाजीरावही हसले. पण हरणीच्या घरी परतल्यावर जोडे काढता काढता बायकोला, मथुराबाईंना म्हणाले, "येत्या दसऱ्याला हीच गाडी सीमेवर जाईल. माझ्या हाताने."

त्यांच्या घराची रीत अशी, की खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि दसऱ्याला वाहन घेऊन गावाची सीमा ओलांडायची. आजोबांच्या वेळी घोडा जाई, वडिलांच्या वेळेपासून गाडी. हरणीच्या पुढे शेताच्या कडेला आपट्याचं एक झाड होतं, तिथवर जायचं, सोनं लुटायचं आणि परत यायचं. मधली काही वर्षं गाडी झाकूनच होती, तेव्हा धनाजीराव मुकाट्याने स्कूटरवर जाऊन येत. आता वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलं होतं, डोळेही अधू होत चालले होते. हा दसरा चुकला तर पुढचा हातात नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

गाडीचं काम मेहुण्याकडे आलं. भास्करराव म्हणजे मथुराबाईंचे धाकटे भाऊ. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. प्रतापनगरहून रोज रिक्षाने हरणीला यायचे, अक्काच्या हातचा चहा घ्यायचे आणि गाडीच्या पोटात शिरायचे. ब्रेकचा मुख्य सिलिंडर त्यांनी आतून नवा करून घेतला. तरी पेडल तळालाच जाई. शेवटी एक दिवस त्यांनी धनाजीरावांना पेडल दाबायला सांगितलं आणि स्वतः बॉनेट उघडून आत बघत उभे राहिले.

"दाबा दाजी."

धनाजीरावांनी दाबलं. इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधला पत्रा डब्याच्या झाकणासारखा फुगला आणि त्यावर बसवलेला सिलिंडरच पुढे सरकला.

"सोडा. परत दाबा. थांबा, थांबा!"

बोल्टांच्या भोवती पत्रा चिरला होता. पेडल दाबायचं ते सिलिंडरमधल्या तेलावर जोर पडावा म्हणून, आणि इथे सगळा जोर पत्रा वाकवण्यात जात होता. भास्कररावांनी भेगांच्या टोकांना भोकं पाडली, म्हणजे त्या पुढे धावू नयेत. मागून जाड पत्र्याचं ठिगळ कापलं. सिलिंडरच्या नाकाला पुढून धरून ठेवील असा एक लोखंडी टेकाही घडवला. ठिगळ वेल्डिंगने पक्कं करायचं आणि टेका बोल्टांनी कसायचा, एवढंच राहिलं होतं.

अष्टमीला संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला हसमुखभाई वेल्डर मशीन घेऊन आला. ठिगळाच्या चार कोपऱ्यांना त्याने चार टाके मारले. पत्रा जुना, पातळ, जळून भोक पडायला लागलं. हसमुखभाईने हात आखडला.

"काका, आने ठंडु थवा दो. सवारे पूरु करीशुं. आजे छोकरीने गरबामां लई जवानी छे."

मशीन तिथेच ठेवून तो मुलीला गरब्याला न्यायला गेला. पत्रा थंड झाला की सकाळी उरलेली शिवण मारायची असं ठरलं.

सकाळी भास्करराव आले तेव्हा गाडीजवळची जागा रिकामी होती. मशीन नाही, पाने-हातोडा नाहीत, टेकाही नाही. घरात पाहिलं तर देवघरासमोर पाटावर सगळं ओळीने मांडलेलं. वडिलांची तलवार, तिच्या शेजारी पाने, हातोडा, मग तो टेका, आणि जमिनीवर हसमुखभाईचं मशीन. सगळ्यावर हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. मथुराबाई निरांजन ओवाळून उठत होत्या.

"अक्का, हे काय केलंस? काम अर्धवट आहे!"

मथुराबाईंनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "म्हणूनच मांडलं. पुजलेलं हत्यार आता सीमोल्लंघन होईस्तोवर उचलायचं नाही. काम अर्धवट, म्हणजे गाडी जात नाही. त्यांना समोरचा खांब दिसत नाही रे भास्कर. मी सांगून ऐकतात का ते? देवाचं तरी ऐकतील."

भास्कररावांना ते पटलं. हायसंही वाटलं. दोघं भाऊबहीण स्वयंपाकघरात चहा पीत बसली.

धनाजीराव आंघोळ करून आले, पाटासमोर उभं राहून त्यांनी हात जोडले. बायकोकडे वळून म्हणाले, "छान मांडलंस. यंदा पूजा भरल्यासारखी वाटते."

भास्करराव म्हणाले, "दाजी, आता गाडीला हात लावता येणार नाही. यंदा स्कूटरच बरी."

"का?"

"हत्यारं पूजेत आहेत."

"हत्यारं आहेत. गाडी कुठे आहे? हत्याराने आज विसावा घ्यायचा. वाहनाला कुठला विसावा? त्याला उद्या जावंच लागतं."

"अहो, चार टाक्यांवर आहे ते ठिगळ!"

"चार आहेत ना? हळू जाऊ." धनाजीराव हसले. "बस ने यार, मेव्हणे! लग्नात गाडीची पालखी झाली, आता भोई तरी व्हा."

मथुराबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. धनाजीराव बाहेर जाताच त्या पाटाकडे झेपावल्या. "उचल भास्कर. पाप लागलं तर मला लागू दे. उचल तो टेका."

भास्कररावांनी हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला. लहानपणापासून कधी पुजलेल्या हत्याराला शिवले नव्हते ते. तेवढ्यात धनाजीराव चष्मा न्यायला परत आले. दोघांना तसं पाहून त्यांचा चेहरा बदलला.

"मथुरा, माझ्या बापाच्या घरात नवमीचं हत्यार दसऱ्याआधी हललेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत हलवणार?"

मथुराबाई मागे सरल्या. भास्कररावांनी अंगणात येऊन हसमुखभाईला फोन लावला.

"मशीन पूजामां छे?" पलीकडून आवाज आला. "तो तो हुं पण हाथ न लगाडुं, काका. दशेरा पछी जोईशुं."

तोही मशीनला हात लावणार नव्हता, आणि दुसरं मशीन आणावं तर त्या दिवशी कोणाचंही मशीन पूजेतच असणार.

दसऱ्याला सकाळी भास्करराव न सांगता शेजारच्या सीटवर जाऊन बसले. दुसरं काय करता येण्यासारखं होतं? मथुराबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. धनाजीरावांनी फेटा बांधला होता.

जाताना गाडी अगदी बैलगाडीच्या चालीने गेली. धनाजीरावांनी एकदोनदा पेडल दाबलं, ब्रेक लागला. "बघ!" प्रत्येक वेळी ते म्हणायचे. भास्कररावांचा उजवा हात हँडब्रेकवर होता आणि उजवा पाय, जिथे पेडल नव्हतं तिथे, जमिनीवर रेटलेला. आपट्याच्या झाडापाशी धनाजीराव उतरले, पानं तोडली, मेहुण्याच्या हातात दिली आणि त्यांना कडकडून मिठी मारली. "व्याह्याला फोटो पाठव," म्हणाले. भास्कररावांनी मोबाइलवर फोटो काढला. तो पाठवला नाही.

परतताना धनाजीराव खुशीत होते. वारा फेट्याचा शेमला उडवत होता. गाडीने वेग घेतला.

"दाजी, हळू."

"अरे, किती वर्षांनी!"

हरणीच्या वस्तीत शिरताच फाफडा-जलेबीच्या दुकानाची रांग अर्ध्या रस्त्यावर आली होती. पिशव्या घेतलेली माणसं, कडेवर मुलं. धनाजीरावांना ती उशिरा दिसली. त्यांनी पाय पूर्ण ताकदीने मारला. आत पत्र्यात टक्कन आवाज झाला. भास्कररावांना तो टाका सुटल्याचा आवाज कळला. मग दुसरा. पेडल तळाला गेलं. भास्कररावांनी हँडब्रेक ओढला, मागची चाकं घासत गेली, पण गाडी थांबेना. धनाजीरावांनी स्टिअरिंग रांगेपासून दूर वळवलं. गाडी कडुनिंबावर आदळली.

रांगेतल्या कोणाला खरचटलंही नाही. भास्कररावांचं मनगट मोडलं. धनाजीरावांच्या छातीत स्टिअरिंग बसलं होतं. लोकांनी उचललं तेव्हा ते शुद्धीवर होते. "कोणाला लागलं का?" एवढंच विचारलं.

सयाजीगंजच्या इस्पितळात मथुराबाई बाकावर बसून असायच्या. भाऊ एकटा असला की म्हणायच्या, "थांबावेत म्हणूनच मांडली रे मी ती हत्यारं." भास्करराव त्यांच्याजवळ बसायचे.

एकदा ते घरी कपडे न्यायला आले. पाटावर सगळं तसंच होतं. झेंडू सुकून काळे पडले होते, टेक्यावरचं कुंकू सुटून खाली सांडलं होतं. सीमा तर ओलांडली, पण वाहन घरी आलं नाही. आता ही हत्यारं उचलायची की नाही? हे विचारावं असा माणूस एकच होता, आणि तो इस्पितळात होता. भास्करराव कशालाही न शिवता कपडे घेऊन निघाले.

धनाजीराव कोजागिरीच्या दिवशी सकाळी, इस्पितळातच गेले.